‘स्त्री’ आणि ‘स्त्रिया’ : ट्युनिशियातील कायद्याच्या भाषेची चिकित्सा

मुस्लिमबहुल देशांतील स्त्रियांच्या चळवळी आणि राज्यसंस्था यांच्या परस्परसंबंधांविषयी गेल्या काही दशकांत विपुल लेखन झाले आहे. या लेखनात ‘शासकीय स्त्रीवाद’ ही संज्ञा आता इतकी रूढ झाली आहे की तिची फोड करण्याची गरज कोणाला वाटत नाही. राज्यकर्त्याने वरून कायदा केला, स्त्रियांना हक्क मिळाले, आणि त्या मोबदल्यात त्यांच्या स्वतंत्र संघटना राज्याच्या पदरी बांधल्या गेल्या, असा तिचा थोडक्यात आशय. आणि ट्युनिशिया हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणून पुढे केले जाते. हा आशय खोटा आहे, असे आम्हाला म्हणावयाचे नाही. परंतु ही संज्ञा वापरणारे अभ्यासक कायद्याने काय दिले हे मोजतात; देताना कायदा कोणत्या भाषेत बोलला, वाक्याचा कर्ता कोण होता आणि स्त्रीच्या वाट्याला त्या वाक्यात कोणते कारक आले, याकडे ते सहसा वळत नाहीत. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे त्याला हा प्रश्न प्रथम सुचावा, यात नवल नाही. मात्र हा केवळ आमच्या शास्त्राचा हट्ट नव्हे. ट्युनिशियात स्त्रीसंघटना आणि शासन यांच्यातील एक मोठा संघर्ष उघडउघड एका क्रियापदावरून झाला, आणि तो समजून घ्यावयाचा तर व्याकरणाला शरण जाण्यावाचून गत्यंतर नाही.

मोनास्तीर या समुद्रकाठच्या गावी ट्युनिशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गीबा यांची समाधी आहे. तिच्या दारावर त्यांची तीन बिरुदे कोरलेली आहेत. पहिले थोर लढवय्याचे, दुसरे नव्या ट्युनिशियाच्या निर्मात्याचे, आणि तिसरे ‘मुहर्रिर अल्-मरआ’, म्हणजे स्त्रीचा मुक्तिदाता, असे. ‘मुहर्रिर’ हे कर्तृवाचक धातुसाधित आहे, तर ‘अल्-मरआ’ हे त्याचे कर्म असून ते एकवचनी आहे. मुक्त करणारा एक, मुक्त होणारीही एकच. (अरबीत संपादकालाही ‘मुहर्रिर’ म्हणतात, आणि उत्तर हिंदुस्थानच्या कचेऱ्यांत मुहर्रिर म्हणजे लेखनिक. बुर्गीबांनी स्त्रीला मुक्त केले की तिची संहिता संपादित केली, असा खोडकर प्रश्न येथे सुचतो. पण तो तूर्त बाजूला ठेवू.)

हे एकवचन सहज आलेले नाही. अरबी भाषेत ‘मरआ’ या शब्दाला स्वतःचे अनेकवचनच नाही. अनेक स्त्रियांविषयी बोलावयाचे झाल्यास निराळ्या धातूचा ‘निसा’ हा शब्द घ्यावा लागतो. झेबुन्निसा, झीनतुन्निसा या नावांतून तो आपल्या परिचयाचा आहे. मराठीत ‘स्त्री’चे ‘स्त्रिया’ होताना मूळ शब्द तसाच राहतो. अरबीत एकीकडून अनेकींकडे जाताना शब्दच बदलतो. म्हणून अरबीतल्या लेखकाला दोहोंपैकी एकाची निवड जाणीवपूर्वक करावी लागते, आणि ती निवड तपासता येते. ट्युनिशियातील संघटनांची नावेच पाहावीत. १९५६ साली सत्ताधारी पक्षाच्या छत्राखाली जी संघटना स्थापन झाली तिच्या अरबी नावाचा शब्दशः अर्थ ‘ट्युनिशियन स्त्रीचा राष्ट्रीय संघ’ असा होतो. त्यात ‘मरआ’ आहे. १९८९ साली ज्या स्वतंत्र संघटनेला कायदेशीर मान्यता मिळाली तिचे नाव ‘लोकशाहीवादी स्त्रियांची ट्युनिशियन संघटना’. त्यात ‘निसा’ आहे. इंग्रजी भाषांतरांत हा भेद पुसला जातो आणि दोन्हींकडे ‘स्त्रिया’च दिसतात. जे अभ्यासक केवळ भाषांतरांवर विसंबतात त्यांच्या हातून हा धागा निसटला, याचे कारण इतके साधे आहे.

हे एकवचन शासनाने निर्माण केले नाही. ते त्याला सुधारकांकडून वारशाने मिळाले. कैरोच्या कासिम अमीन यांच्या १८९९ सालच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नावाचाच अर्थ ‘स्त्रीची मुक्ती’ असा आहे. ट्यूनिसच्या झैतूना विद्यापीठातून शिकलेल्या ताहिर हद्दाद यांनी १९३० साली शरीअत व समाज यांतील स्त्रीच्या स्थानावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातील पहिला शब्द ‘इमरअतुना’, म्हणजे ‘आमची स्त्री’. इंग्रजीत या ग्रंथाचा उल्लेख बहुधा ‘आमच्या स्त्रिया’ असाच होतो. मूळातला एकवचनी शब्द आणि त्याला जोडलेला ‘आमची’ हा षष्ठीचा प्रत्यय, या दोहोंना महत्त्व आहे. बोलणारे ‘आम्ही’ अनेक आहेत. जिच्याविषयी बोलावयाचे ती एक आहे, आणि आमची आहे. हद्दाद यांच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. या पुस्तकापायी झैतूनाच्या उलेमांनी त्यांचा छळ मांडला, त्यांची पदवी काढून घेतली, आणि १९३५ साली ऐन तरुणपणी ते वारले. परंतु धैर्य निराळे आणि व्याकरण निराळे.

हद्दाद यांना उत्तर देणाऱ्यांत मुहम्मद सालिह बिन म्राद हे धर्मशास्त्री प्रमुख होते. त्यांनी आपल्या पुस्तकाच्या नावात श्लेष साधला. ‘हद्दाद’ म्हणजे लोहार आणि ‘हिदाद’ म्हणजे सुतक, शोक. हद्दादच्या स्त्रीसाठी पाळलेले सुतक, असे त्या पुस्तकाचे नाव. याच बिन म्रादांची कन्या बशीरा बिन म्राद यांनी १९३६ साली ट्युनिशियातील स्त्रियांचा पहिला संघ स्थापन केला, आणि त्याचे नाव इस्लामच्या नावानेच ठेवले. फ्रेंच राजवटीने या संघाला अधिकृत परवाना दिला तो १९५१ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. सुधारकाला विरोध करणाऱ्या घरातून संघटन निघाले आणि सुधारकाच्या वारसदारांनी पुढे स्वातंत्र्यानंतर त्या संघटनेला जागा ठेवली नाही, ही गोष्ट ‘पुरोगामी शासन आणि प्रतिगामी समाज’ या सोप्या विभागणीत कोठेच बसत नाही. बशीराबाई १९९३ पर्यंत हयात होत्या. शासनाने मुक्त केलेल्या ‘स्त्री’च्या कथेत या स्त्रीला फारसे पात्रत्व मिळाले नाही.

आता मुख्य संहितेकडे वळू. २० मार्च १९५६ रोजी ट्युनिशिया स्वतंत्र झाला आणि त्यानंतर पाच महिने होण्याच्या आतच, १३ ऑगस्ट १९५६ रोजी, व्यक्तिगत कायद्याची संहिता जारी झाली. तिचा अंमल १ जानेवारी १९५७ पासून सुरू झाला. बहुपत्नीकत्वाला तिने केवळ आळा घातला नाही, तर तो गुन्हा ठरवून कैदेची व दंडाची शिक्षा सांगितली. घटस्फोट न्यायालयाबाहेर होणारच नाही, असे ठरविले. पतीने तोंडी तलाक देण्याची वाट त्यामुळे बंद झाली आणि पत्नीलाही न्यायालयात जाण्याचा तोच अधिकार मिळाला. ही संहिता कोणत्याही निर्वाचित सभेने चर्चा करून संमत केलेली नव्हती. त्या वर्षीच्या मार्चमध्ये संविधानसभेची निवडणूक झाली होती, पण तीत स्त्रियांना मत नव्हते; आणि संहिता तर बेच्या मोहोरेने, हुकूमनाम्याच्या रूपाने निघाली. बुर्गीबा त्या वेळी पंतप्रधान होते.

मुनीरा शर्राद यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ट्युनिशिया, अल्जीरिया आणि मोरोक्को यांची तुलना करून असे प्रतिपादन केले आहे की, नवोदित राज्याला टोळ्या व कुळे यांच्या सत्तेपासून मोकळे व्हावयाचे होते, आणि कुळाची सत्ता विवाहसंबंधांवर उभी असल्यामुळे तिच्या मुळावर घाव घालणारा कायदा झाला. स्त्रियांच्या संघटित मागणीचे ते फळ नव्हते. हे विवेचन भक्कम आहे आणि ‘मुक्तिदाता’ या बिरुदातील हवा काढून घेणारे आहे. तथापि शर्राद यांच्या विवेचनात राज्य आणि कूळ या दोनच शक्ती कर्त्याच्या जागी येतात. कायदा एकदा झाल्यावर त्याच्या शब्दांशी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या झुंजावे लागले त्यांची बाजू त्या चौकटीत पुरेशी येत नाही. कायद्याचा हेतू सांगून झाला म्हणजे कायद्याची गोष्ट संपते असे नाही. त्याच्या तेविसाव्या कलमात पती हा कुटुंबप्रमुख म्हणून राहिला होता आणि पत्नीने त्याची आज्ञा पाळावी, असेही त्यात लिहिले होते. वारसाहक्काला तर संहितेने हातही लावला नाही.

अधिकृत संघाच्या अध्यक्षा रादिया हद्दाद १९५८ पासून १९७२ पर्यंत त्या पदावर होत्या. १९५९ साली त्या संसदेतही निवडून आल्या. पक्षांतर्गत लोकशाहीच्या प्रश्नावर त्यांचे बुर्गीबांशी बिनसले आणि त्यांना पद सोडावे लागले. पुढे त्यांच्यावर खटलाही झाला. ‘स्त्री’चा संघ चालविणारी विशिष्ट स्त्री स्वतःचे मत बोलू लागताच तिची जागा संपली. अशी उदाहरणे इतर देशांतही सापडतात. तुर्कस्तानात १९३४ साली स्त्रियांना संसदेचा मताधिकार मिळाला आणि पुढच्याच वर्षी तेथील स्त्रियांच्या संघाने स्वतःचे विसर्जन केले. ईजिप्तमध्ये १९५६ साली मताधिकार मिळाला. १९५७ साली नासर यांच्या एकाधिकाराविरुद्ध दुर्रिया शफीक यांनी उपोषण केले, ते कैरोतील भारतीय वकिलातीत जाऊन, आणि त्यानंतर त्यांना घरातच नजरकैदेत ठेवण्यात आले. आपल्या वकिलातीशी या प्रसंगाचा संबंध असूनही तो आपल्याकडे फारसा ज्ञात नाही, म्हणून येथे नोंदविला.

बुर्गीबांच्या वैचारिक प्रवासाविषयी एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे. १९२९ साली ट्यूनिसमध्ये हबीबा मन्शारी यांनी बुरख्याविरुद्ध भाषण केले तेव्हा तरुण बुर्गीबांनी वृत्तपत्रात लेख लिहून बुरख्याचा कैवार घेतला होता. परकीय सत्तेखाली ती राष्ट्राच्या अस्मितेची खूण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९८१ साली त्यांच्याच राजवटीत सरकारी संस्थांमध्ये डोक्याला रुमाल बांधण्यास मनाई करणारे परिपत्रक निघाले. मधल्या बावन्न वर्षांत मत उलटे झाले. वाक्यरचना मात्र तीच राहिली : राष्ट्राला काय हवे ते ठरविणार पुरुष, आणि ते दिसणार स्त्रीच्या मस्तकावर.

अनेकवचन आले ते या राजवटीच्या शेवटच्या वर्षांत. १९७८ साली ट्यूनिसमध्ये काही सुशिक्षित तरुणी स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एका मंडळात जमू लागल्या. त्या मंडळाला नाव होते ताहिर हद्दाद यांचेच. त्यांच्यातून १९८५ साली एक नियतकालिक निघाले, आणि त्याचे नाव ‘निसा’. केवळ एक शब्द, उपपद नाही, विशेषण नाही. नियतकालिक अल्पजीवी ठरले. पण अधिकृत भाषेत ‘मरआ’ आणि चळवळीच्या भाषेत ‘निसा’ ही फाळणी तेव्हापासून दृष्टीस पडते. १३ ऑगस्ट हा सरकारी सणही ‘स्त्रीचा सण’ म्हणूनच साजरा होतो.

१९९३ साली, बेन अलींच्या राजवटीत, तेविसाव्या कलमातील आज्ञापालनाचे शब्द गळाले. त्यांच्या जागी पतिपत्नींपैकी प्रत्येकाने दुसऱ्याशी भलेपणाने वागावे, असा मजकूर आला. अरबीत, संस्कृतप्रमाणेच, द्विवचन आहे. ‘दोघे दांपत्य’ हा अर्थ एका प्रत्ययाने सांगता येतो, आणि १९९३ च्या दुरुस्तीत तो प्रत्यय अवतरला. कायद्याच्या भाषेत हे लहान पाऊल नव्हते. कुटुंबप्रमुख हा शब्द मात्र एकवचनी व पुल्लिंगी, जेथल्या तेथे राहिला.

जानेवारी २०११ मध्ये बेन अली देश सोडून गेले. त्या वर्षीच्या निवडणूक कायद्याने प्रत्येक पक्षाच्या यादीत स्त्री व पुरुष यांची नावे एकाआड एक असावीत, असा नियम केला. ऑक्टोबरात संविधानसभा निवडून आली. अन्नहदा हा इस्लामी पक्ष तीत सर्वांत मोठा ठरला आणि निवडून आलेल्या स्त्रियांपैकी बहुसंख्य त्याच पक्षाच्या होत्या. हक्क व स्वातंत्र्ये यांचा मसुदा करणाऱ्या समितीच्या अध्यक्षा फरीदा अल्-अबीदी याही अन्नहदाच्याच. ऑगस्ट २०१२ च्या आरंभी या समितीने अठ्ठाविसाव्या कलमाचा मसुदा मान्य केला. त्याचा आशय असा : राज्य स्त्रीच्या हक्कांच्या रक्षणाची हमी देते आणि तिच्या उपलब्धींना आधार देते, कारण ती राष्ट्राच्या उभारणीत पुरुषाबरोबरची खरी भागीदार आहे, आणि कुटुंबात त्या दोघांच्या भूमिका परस्परांना पूर्ण करतात. १३ ऑगस्टला हजारो स्त्रिया आणि पुरुष ट्यूनिसच्या रस्त्यांवर आले. संविधानाने स्त्रीला पुरुषाची पुरवणी ठरविले, हा त्यांचा आक्षेप होता.

येथे भाषाशास्त्रज्ञाला दोन्ही पक्षांशी भांडावे लागते. परदेशी वृत्तपत्रांनी ‘स्त्री ही पुरुषाला पूरक’ असे भाषांतर केले. मूळ क्रियापद ‘यतकामल’ असे आहे. अरबी धातूंचे हे रूप अन्योन्यक्रियेचे आहे. एकमेकांना पत्रे लिहिणे, एकमेकांशी सहकार्य करणे, हे अर्थ याच साच्याने होतात. त्याचा कर्ता ‘त्या दोघांची भूमिका’ आहे, ‘स्त्री’ नाही. (गणितात समाकलनालाही ‘तकामुल’च म्हणतात.) एक मुख्य आणि दुसरा पूरक, हा अर्थ त्या क्रियापदात नाही. अन्नहदाच्या प्रवक्त्या स्त्रियांनी हेच सांगितले, आणि त्यांचे व्याकरण बिनचूक होते.

मग रस्त्यावर आलेल्या स्त्रिया चुकल्या काय? आमच्या मते नाही. त्यांनी फक्त चुकीच्या शब्दावर बोट ठेवले. दोष क्रियापदात नसून त्याच्या अलीकडे व पलीकडे होता. अलीकडे कारण सांगणारा शब्द होता : ती पुरुषाबरोबरची भागीदार आहे ‘या नात्याने’ तिचे हक्क राखावयाचे. हक्काला नात्याची अट लागली. पलीकडे ‘कुटुंबात’ हा शब्द होता, आणि द्विवचनाचा प्रत्यय त्याच्याशी बांधलेला होता. अविवाहित, विधवा, घटस्फोटित स्त्री या द्विवचनात कोठे बसणार? शिवाय संपूर्ण मसुद्यात पुरुषासाठी असे कलम नव्हते; स्त्रीचे स्थान सांगण्यासाठी पुरुष हा स्थिर बिंदू म्हणून आला, त्याचे स्थान मात्र कोणाच्या संदर्भाने सांगावे लागले नाही. १९९३ साली जे द्विवचन पत्नीला आज्ञाधारकपणातून वर काढणारे ठरले, तेच १९ वर्षांनी नागरिक स्त्रीला पुन्हा घरात नेणारे ठरले. प्रत्यय तोच, विवाहाच्या कायद्यात तो न्याय्य आणि संविधानात अन्याय्य. क्रियापदाचे समर्थन करणाऱ्यांनी वाक्य वाचले नाही, आणि विरोध करणाऱ्यांनी भाषांतर वाचले, असे थोडे कठोरपणे म्हणता येईल. तरीही वाक्य कोठे दुखते हे विरोध करणाऱ्यांना बरोबर कळले होते.

सप्टेंबरात तो शब्द मसुद्यातून काढला गेला. २६ जानेवारी २०१४ रोजी जे संविधान संमत झाले त्याचे एकविसावे कलम ‘नागरिक पुरुष आणि नागरिक स्त्रिया’ असे दोन्ही लिंगांची अनेकवचने देऊन आरंभ करते. १९५९ च्या संविधानात याच जागी केवळ पुल्लिंगी अनेकवचन होते. हा विजय चळवळीचा आहे. पण त्याच संविधानातील शेहेचाळिसाव्या कलमात, जेथे राज्य स्त्रीसाठी काही करण्याचे मान्य करते, तेथे ‘मरआ’ परत आली आहे. नागरिक म्हणून त्या अनेक आहेत. राज्याने ज्यांचे रक्षण करावयाचे म्हणून त्या पुन्हा एक झाल्या.

त्या कलमात आणखी एक शब्द लक्षणीय आहे. राज्य स्त्रीच्या ‘संपादित’ हक्कांचे रक्षण करील, असे ते म्हणते. बुर्गीबांच्या काळापासून सरकारी भाषणांत ‘मकासिब’, म्हणजे स्त्रीच्या कमाया, उपलब्धी, हा शब्द ठरलेला आहे. ‘हक्क’ हा शब्द तर आपणही अरबीतूनच घेतला. ‘मकासिब’चे मूळही मराठीला अपरिचित नाही. क-स-ब या धातूचा अर्थ मिळविणे, कमावणे; आपले ‘कसब’ त्याचेच. (पुरुषाला ‘कसबी’ म्हटले की ती स्तुती होते आणि स्त्रीला ‘कसबीण’ म्हटले की शिवी, परंतु हा विषय निराळा.) हुकूमनाम्याने दिलेल्या गोष्टीला राज्य स्वतःच ‘कमाई’ म्हणते, हा विसंवाद सहज खपून गेला आहे. चळवळीने मात्र त्या शब्दाचा आधार घेतला : जे कमावले ते परत घेता येत नाही. दान दिलेले हिरावता येते. कमाई हिरावणे ही चोरी. २०१२ साली रस्त्यावर जी भाषा बोलली गेली तिच्यात हा शब्द वारंवार होता. राज्याने आत्मस्तुतीसाठी योजिलेला शब्द राज्यावरच उलटविण्याचे हे उदाहरण ‘शासकीय स्त्रीवाद’ या संज्ञेच्या पलीकडचे आहे, आणि म्हणून ती संज्ञा आम्हाला अपुरी वाटते.

अर्थात अनेकवचन वापरणारे सर्वच निर्दोष असतात, असा निष्कर्ष कोणी काढू नये. लोकशाहीवादी स्त्रियांची संघटना शहरी व फ्रेंच शिकलेल्या वर्गातून वाढली. बेन अलींच्या काळात इस्लामी गटांतील ज्या स्त्रिया तुरुंगात गेल्या, ज्यांना रुमालापायी नोकरी वा शिक्षण गमवावे लागले, त्या या ‘निसा’मध्ये सहजासहजी मोजल्या गेल्या नाहीत. २०११ नंतर त्या संसदेत आल्या तेव्हा दोन्हीकडच्या स्त्रिया एकमेकींना जवळजवळ परदेशीच होत्या. तरी जुलै २०१७ मध्ये स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा व्यापक कायदा याच संसदेत संमत झाला, आणि बलात्काऱ्याने पीडितेशी विवाह केल्यास शिक्षा टळण्याची जुनी पळवाट त्याने बंद केली. वारसाहक्कात समानता आणण्याचा प्रस्ताव राष्ट्राध्यक्ष अस्-सिब्सी यांनी १३ ऑगस्ट २०१८ रोजी मांडला; जुलै २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि विधेयक तसेच राहिले. त्यांच्यामागून आलेल्या कैस सईद यांनी १३ ऑगस्ट २०२० रोजी, म्हणजे त्याच सणाच्या दिवशी, त्याला विरोध जाहीर केला.

सईद यांनी जुलै २०२१ मध्ये संसद स्थगित केली आणि सप्टेंबरात नज्ला बूदन यांना पंतप्रधान नेमले. अरब जगात सरकारच्या प्रमुखपदी बसलेली ती पहिली स्त्री, म्हणून जगभर कौतुक झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. २०२२ च्या नव्या संविधानात ‘नागरिक स्त्रिया’ हे शब्द राहिले आहेत, आणि ‘संपादित’ हक्कांचे कलमही राहिले आहे. मात्र त्याच वर्षीच्या सप्टेंबरातील निवडणूक हुकूमनाम्याने पक्षांच्या याद्या रद्द करून एकेका उमेदवाराची पद्धत आणली, आणि याद्यांबरोबर स्त्री-पुरुष नावे एकाआड एक देण्याचा नियमही गेला. उमेदवाराला आपल्या मतदारसंघातील ४०० मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात, आणि त्यांपैकी निम्म्या स्त्रियांच्या असाव्यात, असे बंधन आहे. उमेदवारांत स्त्रिया किती असाव्यात, याविषयी हुकूमनामा काही सांगत नाही.